चेक लाइट पेटला आणि मिस्त्री लांब: आपल्या गाडीसाठी कोड रीडर निवडताना

एटापल्ली, कसनसूर, जारावंडी, गट्टा या भागांतले वाचक गेले काही महिने एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारताहेत. डॅशबोर्डवर इंजिनाचं पिवळं चित्र पेटलं. गावातला मिस्त्री म्हणाला, 'स्कॅनर लावावा लागेल, आलापल्लीला न्या, नाहीतर सरळ चंद्रपूर.' मोबाइलवर शोधलं तर पाचशे रुपयांपासून पंचवीस हजारांपर्यंत स्कॅनर दिसतात. घ्यावा का? घेतला तर कोणता? काहींनी विचारण्याआधीच घेतला. तो गाडीशी बोलतच नाही, म्हणून आता कपाटात पडलाय.

प्रश्न अगदी रास्त आहे. एटापल्लीहून आलापल्ली तीसेक किलोमीटर, तेही सुरजागडच्या लोहखनिजाच्या ट्रकांच्या रांगेतून. गडचिरोली शंभर किलोमीटरच्या पुढे. बंद गाडी दुसऱ्या गाडीवर लादून न्यायची, तर कित्येकदा भाडंच बिघाडापेक्षा महाग पडतं. पावसाळ्यात नाल्याला पूर असला तर भाडं द्यायची तयारी असूनही गाडी हलत नाही. पुण्या-मुंबईत कोड रीडर ही हौस असेल. इथे तो जॅक आणि स्टेपनीच्या शेजारी ठेवायचं सामान आहे.

पण त्याच्याकडून अपेक्षा नेमकी ठेवा. कोड रीडर गाडी दुरुस्त करत नाही. रस्त्याच्या कडेला उभं असताना तो दोन गोष्टी ठरवायला मदत करतो: गाडी हळूहळू चालवत न्यावी की इथेच थांबवावी, आणि मिस्त्रीला आधी कुठे बघायला सांगावं. एवढ्यासाठी हजार ते तीन हजार रुपयांचं साधन पुरतं. काहींना तेही लागणार नाही.

आधी आपली गाडी ओळखा

सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात, म्हणून या भागाला वेळ द्या. रीडर वाचतो तो इंजिनावर लक्ष ठेवणाऱ्या कॉम्प्युटरने, म्हणजे ईसीएमने, नोंदवलेला कोड. गाडीत ईसीएमच नसेल तर वाचायला काहीच नाही.

*जुनी डिझेल गाडी.* यांत्रिक पंपाची जीप, जुनी सुमो, डीआय इंजिनाची जुनी बोलेरो, तशीच पिकअप. यांत पंप, नोझल, फिल्टर आणि सेल्फ यांच्यापलीकडे फारसं काही नसतं. रीडर घेऊ नका. त्याच पैशांत एक साधा मल्टिमीटर आणि जादा डिझेल फिल्टर घ्या.

*बीएस-३ की बीएस-४?* बरेच जण गाडीचं साल बघतात. आपल्या भागात सालावर विसंबून चालत नाही. १ एप्रिल २०१० ला बीएस-४ मानक लागू झालं ते फक्त दिल्ली परिसरात आणि मोजक्या शहरांत. महाराष्ट्रात मुंबई, पुणे आणि सोलापूर. उरलेल्या भागांत ते टप्प्याटप्प्याने पसरलं आणि देशभर सक्तीचं झालं १ एप्रिल २०१७ ला. बीएस-४ चारचाकींना ओबीडी-२ ही बिघाड नोंदवण्याची पुढची पद्धत १ एप्रिल २०१३ पासून बंधनकारक झाली. म्हणजे २०१४ साली पुण्यात नोंदलेली गाडी आणि त्याच साली एमएच-३३ क्रमांकाने नोंदलेली त्याच नावाची गाडी आतून वेगळी असू शकते. आरसीवर किंवा एम-परिवहन अॅपमध्ये प्रदूषण मानकाची नोंद बघा. तिथे बीएस-४ किंवा बीएस-६ असेल, तर साधा रीडर चालण्याची शक्यता चांगली. बीएस-३ असेल, तर दुसऱ्याचा रीडर लावून बघितल्याशिवाय खरेदी करू नका.

*जुनी पेट्रोल मारुती.* २००० नंतरच्या दशकातल्या मारुतीच्या कित्येक एमपीएफआय गाड्यांत सोळा पिनांचं सॉकेट असतं. पण त्यातून जी भाषा बोलली जाते ती सुझुकीची स्वतःची. सॉकेट बसतं, दिवा लागतो आणि अॅप 'जोडणी झाली नाही' असं सांगत राहतं. रीडर खराब नसतो. त्याला ती भाषा येत नसते.

*दुचाकी.* १ एप्रिल २०२० च्या बीएस-६ नंतर बहुतेक दुचाकींत कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आलं आणि डॅशवर पिवळं चित्रही आलं. सॉकेट मात्र चारचाकीचं नसतं. बऱ्याच गाड्यांत सीटखाली किंवा बाजूच्या कव्हरमागे सहा पिनांचं, रबरी टोपीचं छोटं कनेक्टर सापडतं. त्याला जोडकेबल लागते, आणि केबल लावूनही साधं अॅप प्रत्येक कंपनीच्या दुचाकीशी बोलेलच असं नाही. काही दुचाकींत तो दिवाच ठरावीक वेळा लुकलुकून कोड सांगतो. लुकलुकण्याचा अर्थ सर्व्हिसच्या पुस्तकात किंवा मिस्त्रीकडे मिळतो आणि त्याला एक रुपयाही लागत नाही. दुचाकीसाठी रीडर घ्यायचा तर तुमच्या मॉडेलचं नाव यादीत असलेलाच घ्या.

*ट्रक आणि टिप्पर.* इथे थांबा. मोठ्या गाड्यांची वायरिंग २४ व्होल्टची असते. स्वस्त रीडर कारच्या १२ व्होल्टसाठी बनवलेले असतात. जोडकेबलने ट्रकला लावले तर जळू शकतात. शिवाय ट्रकची भाषाही वेगळी. ट्रकचालकांनी '२४ व्होल्ट' आणि 'जे १९३९' हे दोन्ही शब्द स्पष्ट लिहिलेलं साधनच बघावं. ते महाग पडतं, म्हणून ते मालकाने किंवा गॅरेजने घ्यावं.

ट्रॅक्टर आणि बॅटरीवर चालणाऱ्या गाड्यांसाठी हे कारचे रीडर घेऊ नका.

सॉकेट शोधायचं कसं? चारचाकीत ते बहुधा स्टीअरिंगच्या खाली, चालकाच्या गुडघ्याजवळ असतं. कधी फ्यूज बॉक्सच्या झाकणामागे. वरची बाजू रुंद, खालची अरुंद, आठ-आठ छिद्रांच्या दोन ओळी. मोबाइलचा टॉर्च लावून खाली वाकलात की दिसेल.

बाजारात काय काय मिळतं

किमती साधारण सांगतोय. सणाच्या सेलमध्ये त्या खालीवर होतात.

- *ब्लूटूथ किंवा वाय-फायचा ठोकळा*, पाचशे ते दोन हजार. सॉकेटमध्ये खोचायचा, बाकी काम मोबाइलवरचं अॅप करतं. अँड्रॉइड फोनला साधा ब्लूटूथ पुरतो. आयफोनला वाय-फायचा किंवा नव्या पद्धतीच्या ब्लूटूथचा लागतो.
- *स्वतःचा पडदा असलेला हातातला रीडर*, दीड ते चार हजार. वायरने जोडायचा, वीज गाडीतूनच घेतो. मोबाइल लागत नाही, अॅप लागत नाही, पासवर्ड नाही.
- *गॅरेजचा स्कॅनर*, दहा हजारांच्या पुढे. हा नुसतं वाचत नाही, गाडीला हुकूमही देतो: पंखा चालवून बघ, इंजेक्टर तपास, धूर गाळणारी जाळी, म्हणजे डीपीएफ, जाळून साफ कर. एअरबॅग आणि एबीएसचे कोडही वाचतो. पण दरवर्षी अपडेटचे पैसे मागणारे यात बरेच असतात.

माझं मत विचाराल, तर एटापल्लीत एक गाडी असलेल्या घराने मधला, हातातला रीडर घ्यावा. मोबाइलचा ठोकळा जास्त माहिती देतो हे खरं. पण रात्री आठ वाजता गट्ट्याच्या रस्त्यावर मोबाइलची बॅटरी बारा टक्के असताना अॅपला परवानग्या देत बसणं आणि वायर खोचून कोड वाचणं यांत फार फरक आहे. ज्यांना मोबाइलची सवय आहे आणि गाडीचे चालू आकडे बघायचे आहेत, त्यांनी ठोकळा घ्यावा, आणि गाडीतल्या सॉकेटमधून मोबाइल चार्ज करायची वायर सोबत ठेवावी.

गॅरेजचा स्कॅनर घरगुती वापरासाठी घेऊ नका. एबीएस किंवा एअरबॅगचा दिवा पेटला तरी गाडी आलापल्लीपर्यंत नेता येते, मात्र हळू आणि अंतर राखून. तिथे वाचून घ्या. याला अपवाद एकच. हाताचा ब्रेक पूर्ण सोडलेला असूनही ब्रेकचा लाल दिवा जळत राहिला, किंवा पेडल मऊ लागलं, तर गाडी हलवू नका.

नेटवर्क नाही असंच धरून चाला

विक्रेते ही गोष्ट सांगत नाहीत, कारण त्यांच्या गावात टॉवर आहे. ब्लूटूथला इंटरनेट लागत नाही. पण काही अॅप सुरू होतानाच लॉगिन मागतात आणि काही कोडचा अर्थ ऑनलाइन शोधतात. असे रीडर जंगलात 'पी ०११३' एवढं दाखवून गप्प बसतात.

म्हणून नेटवर्क असलेल्या जागी घरीच एवढं करून ठेवा:

१. अॅप उतरवून घ्या आणि एकदा पूर्ण उघडून बघा. 'टॉर्क' आणि 'कार स्कॅनर' ही दोन अॅप कोड वाचायच्या कामात इंटरनेटवर अडून बसत नाहीत.
२. मोबाइल फ्लाइट मोडवर टाका, फक्त ब्लूटूथ सुरू करा आणि गाडीला जोडून बघा. कोडचा अर्थ दिसला तरच ते अॅप तुमच्या कामाचं.
३. जोडणीचा पासवर्ड बहुधा १२३४ किंवा ०००० असतो. तो ठोकळ्यावरच चिकटपट्टी लावून लिहा.
४. वाय-फायचा ठोकळा जोडलेला असताना मोबाइलचा डेटा बऱ्याचदा तुटतो. कोड लिहून घ्या, ठोकळा काढा, मग मिस्त्रीला फोन किंवा व्हॉट्सअॅप करा.

पैसे देण्याआधी

स्वस्त ठोकळ्यांवर 'ईएलएम ३२७' असं छापलेलं असतं. हे मूळ कॅनडातल्या एका कंपनीच्या चिपचं नाव. बाजारातले बहुतेक ठोकळे तिची नक्कल असतात. नक्कल असली म्हणून टाकाऊ ठरत नाही. कित्येक चांगल्या चालतात. पण काहींत अर्ध्या आज्ञाच नसतात आणि पाकिटावर आवृत्ती मात्र मोठी छापलेली असते. '१.५' ही आवृत्ती तर मूळ कंपनीने कधी काढलीच नव्हती, तरी तीच सर्रास विकली जाते. तेव्हा छापलेल्या आकड्यावर जाऊ नका. गाडीला लावून बघा.

चंद्रपूरला किंवा नागपूरला दुकानात घेत असाल तर गाडी सोबत न्या आणि दुकानाच्या दारात जोडून दाखवायला सांगा. ऑनलाइन मागवत असाल तर आधी परत करायची मुदत वाचा. आपल्याकडे पार्सल यायलाच आठवडा जातो आणि मुदत हातात पडल्यापासून मोजली जाते. ज्या दिवशी हातात पडेल त्याच दिवशी पाकीट उघडतानाचं चित्रीकरण करा आणि त्याच दिवशी गाडीला लावा. 'लागेल तेव्हा बघू' म्हणून ठेवून दिलेले रीडरच नंतर कपाटात सापडतात.

घेताना एवढं तपासा:

- कोड वाचतो, पुसतो, आणि कोड पडला त्या क्षणाचे आकडे, म्हणजे फ्रीझ फ्रेम, दाखवतो.
- पक्के झालेले कोड आणि नुकतेच उमटू लागलेले कोड वेगळे दाखवतो.
- चालू आकडे दाखवतो: पाण्याचं तापमान, बॅटरीचा व्होल्ट, इंजिनाचे फेरे.
- 'कॅन' आणि 'के-लाइन' या दोन्ही भाषा बोलतो. जुन्या बीएस-४ गाड्यांना दुसरी लागू शकते.
- दुकानाचं पक्कं बिल मिळतं.

दिवा पेटल्यावर काय करायचं

रीडर हातात घेण्याआधी डॅशकडे नीट बघा. लाल दिवा, मग तो ऑइलच्या डब्याचा असो की तापमानाचा, ही रीडरची बाब नाही. गाडी लगेच कडेला घ्या आणि इंजिन बंद करा. ऑइलचा लाल दिवा पेटलेला असताना 'आलापल्ली जवळच आहे' म्हणून गाडी पळवली, तर इंजिन उघडायची वेळ येते.

पिवळं इंजिनाचं चित्र पेट्रोल कारमध्ये लुकलुकत असेल आणि गाडी हादरत असेल, तर कुठल्यातरी सिलिंडरमध्ये पेट्रोल न जळता बाहेर पडतंय. तशीच ओढत नेली तर सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापून निकामी होतो आणि तो फार महाग असतो. थांबा.

चित्र स्थिर जळत असेल आणि गाडी नीट चालत असेल, तर घाई नाही. आता रीडर काढा:

१. इंजिन बंद. रीडर खोचा. चावी 'ऑन' करा, सेल्फ मारू नका.
२. सगळे कोड कागदावर लिहा किंवा पडद्याचा फोटो काढा. फ्रीझ फ्रेमचाही.
३. तारीख, किलोमीटर आणि त्या वेळी काय चाललं होतं ते लिहा: चढ, पाणी, नुकतंच भरलेलं डिझेल, पाऊस.
४. कोड *पुसू नका.* मिस्त्रीने बघेपर्यंत तरी नाही.
५. इंजिन सुरू करून तापमान आणि व्होल्ट बघा.

चौथ्या कलमावर माझा फार भर आहे. पुसला की दिवा विझतो आणि मनाला बरं वाटतं, पण पुराव्याचा कागदही जळून जातो. बिघाड तसाच राहतो, आणि मिस्त्रीसमोर गाडी उभी राहते तेव्हा सांगायला काही उरत नाही.

कोड म्हणजे भागाचं नाव नव्हे

बहुतेक जण इथेच फसतात. कोडमध्ये एखाद्या सेन्सरचं नाव दिसलं की तो सेन्सरच बदलायचा असं धरलं जातं. कोड सांगतो ते एवढंच की कॉम्प्युटरला या जागेहून आलेला निरोप पटला नाही. निरोप चुकण्याची कारणं अनेक, आणि सेन्सर खराब असणं हे त्यांतलं एक.

माझ्याच गाडीचं सांगतो. 'पी ०११३' असा कोड आला. अर्थ: आत येणाऱ्या हवेच्या तापमानाच्या सेन्सरचा संकेत फार जास्त. एका मोठ्या गावातल्या गॅरेजने हवेचा पूर्ण सेन्सर बदलला, चार हजारांचं बिल केलं. दोन दिवसांत दिवा पुन्हा पेटला. घरी येऊन वायर हाताने चाचपत गेलो, तर फिल्टरच्या डब्यामागे उंदराने वायर कुरतडलेली होती. या सेन्सरची वायर तुटली की संकेत 'फार जास्त' असाच दिसतो. तुटलेल्या वायरचा कोड आणि खराब सेन्सरचा कोड एकच! वायर जोडायला पन्नास रुपये लागले. धान घरात आल्यावर अंगणात उभ्या राहणाऱ्या गाड्यांत उंदीर शिरतात, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. वायर आधी बघा.

आपल्या भागात जे कोड येण्याची शक्यता जास्त, त्यांची ही छोटी यादी. पडद्यावर अक्षर इंग्रजीत दिसेल.

- *पी ०१०१*, हवा मोजणाऱ्या सेन्सरचं गणित जुळत नाही. खनिजाच्या ट्रकांमागे चालणाऱ्या गाड्यांत आधी एअर फिल्टर काढून झटका. लाल धुळीने तो कंपनीने सांगितलेल्या किलोमीटरच्या कितीतरी आधी भरतो. फिल्टरनंतरच्या नळीचा क्लॅम्प सैल आहे का बघा. सेन्सर कापडाने किंवा पेट्रोलने पुसू नका. त्यासाठी वेगळा स्प्रे मिळतो.
- *पी ०१७१*, पेट्रोल गाडीत हवा जास्त, इंधन कमी. रबरी नळीला चीर, इंधन पंपाची ताकद कमी, फिल्टर चोंदलेला.
- *पी ००८७*, डिझेल रेलमध्ये दाब कमी. गावात कॅनने विकलेलं डिझेल टाकलं असेल तर पहिला संशय पाण्यावर. डिझेल फिल्टरच्या खालचा स्क्रू सोडून पाणी काढा, मग फिल्टर बदला. हजारो रुपयांच्या पंपाकडे त्यानंतर वळा.
- *पी ०३००*, सिलिंडर नीट जळत नाहीत. *पी ०३०१* म्हणजे पहिला, *पी ०३०२* म्हणजे दुसरा. पेट्रोल गाडीत प्लग आणि कॉइल बघा. पहिल्याची कॉइल दुसऱ्यावर लावा. कोडही तिकडे सरकला, तर दोषी कॉइलच.
- *पी २४६३*, बीएस-६ डिझेलच्या डीपीएफमध्ये काजळी साचली. आपले रस्ते आणि छोट्या फेऱ्या यांमुळे धूर गाळणाऱ्या या जाळीला पुरेशी उष्णता मिळत नाही. गाडीच्या पुस्तकात सांगितलेल्या पद्धतीने मोकळ्या रस्त्यावर सलग चालवा. तरी दिवा गेला नाही तर सर्व्हिस सेंटरच. 'डीपीएफ काढूनच टाकतो' म्हणणाऱ्याचं ऐकू नका. कंपनीने दिलेल्या गाडीत असा फेरफार करायला मोटार वाहन कायद्याची परवानगी नाही आणि वॉरंटीही जाते.
- *पी ०५६२*, व्होल्ट कमी. याच्याबरोबर दहा-बारा असंबद्ध कोड आले तर घाबरू नका. पावसाळ्यात रपट्यावरच्या पाण्यातून गाडी काढल्यावर मला एकदम नऊ कोड दिसले होते. बॅटरीचा टर्मिनल सैल होता. घट्ट केला, कोड लिहून पुसले, पुन्हा एकही आला नाही.

कोडचं दुसरं चिन्ह ० असेल तर अर्थ सगळ्या कंपन्यांत सारखा. १ असेल तर तो त्या कंपनीचा स्वतःचा. साध्या अॅपने दिलेला अर्थ त्या वेळी चुकू शकतो. अशा वेळी कंपनीच्या हेल्पलाइनला कोड सांगून विचारा.

चालू आकडे

दिवा पेटलेला नसतानाही महिन्यातून एकदा रीडर लावा आणि आपल्या धडधाकट गाडीचे आकडे वहीत लिहा. गरम इंजिनाचं पाण्याचं तापमान बहुतेक गाड्यांत ८५ ते १०५ अंशांत राहतं. बंद गाडीची चांगली बॅटरी साडेबारा व्होल्टच्या आसपास, आणि इंजिन चालू असताना साडेतेरा ते साडेचौदा. इंजिन चालू असूनही व्होल्ट साडेबाराच्या खाली घसरत असेल, तर अल्टरनेटर किंवा बेल्टकडे बघा. संध्याकाळी भामरागडकडे निघायच्या आधी हे कळलेलं बरं.

जुनी गाडी विकत घेतानाही रीडर सोबत न्या. कोड शून्य दिसले म्हणून खूश होऊ नका. 'रेडिनेस' नावाचं पान उघडा. तिथे बऱ्याच तपासण्या अपुऱ्या दिसल्या, तर विक्रेत्याने सकाळीच कोड पुसले असतील किंवा बॅटरी काढली असेल. चाळीस-पन्नास किलोमीटर चालवून पुन्हा वाचा, मगच इसार द्या.

या गोष्टी टाळा

सॉकेटमध्ये खोचून 'वीस टक्के इंधन वाचवा' असं सांगणारे ठोकळे घेऊ नका; इंधन वाचत नाही, फक्त दिवे लुकलुकतात. रीडर कायम खोचून ठेवू नका. गाडी आठवडाभर उभी राहिली तर बॅटरी उतरते. चालत्या गाडीत चालकाने पडदा बघू नये. शेजारच्याला बघू द्या. आणि अॅपमध्ये 'कोडिंग' किंवा 'अॅडॅप्टेशन' नावाचं पान दिसलं तर हात लावू नका.

तुमचे हक्क

*रीडर चालला नाही तर.* 'बीएस-४ च्या सर्व गाड्यांना चालतो' असं लिहून विकलेली वस्तू तुमच्या बीएस-४ गाडीला चालत नसेल, तर ती सदोष वस्तू किंवा दिशाभूल करणारी जाहिरात ठरू शकते. ई-कॉमर्स नियम, २०२० नुसार ऑनलाइन कंपनीला तक्रार अधिकारी नेमावा लागतो. त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याच्या आत तक्रार निकाली काढायची असते. न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दावा लावता येतो, म्हणजे विक्रेता दिल्लीचा असला तरी गडचिरोलीत. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. तक्रार ऑनलाइनही दाखल होते. बिल, चित्रीकरण आणि 'जोडणी झाली नाही' या पडद्याचा फोटो जपून ठेवा.

*वॉरंटीतली गाडी.* नुसता कोड वाचला म्हणून वॉरंटी जात नाही. वायर कापली, कोडिंग बदललं तर कंपनी हात वर करू शकते. वॉरंटीत असताना कोड वाचा, लिहा, आणि तो कागद सर्व्हिस सेंटरच्या जॉब कार्डवर नोंदवून घ्या. 'आमच्याकडे आली तेव्हा कोड नव्हता' हे उत्तर मग देता येत नाही.

*मिस्त्रीचा हक्क.* भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये चौदा कार कंपन्यांविरुद्ध निकाल देताना सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजांनाही मिळाली पाहिजेत असं म्हटलं होतं. कंपन्या अपिलात गेल्या. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक विभागाने 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं आणि त्यात मोटारगाड्या आणि शेतीची अवजारं दोन्ही घेतली. दुरुस्तीची माहिती आणि कंपन्यांचे संपर्क तिथे शोधता येतात. आपल्या मिस्त्रीला ते उघडून दाखवा.

एकट्याने की मिळून?

काळी-पिवळी चालवणाऱ्या पाच-सहा जणांकडे एकाच कंपनीच्या गाड्या असतील, तर प्रत्येकाने हजाराचा ठोकळा घेण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून त्या कंपनीच्या गाड्यांचं नाव यादीत असलेला चांगला रीडर घ्यावा आणि तो स्टँडजवळच्या मिस्त्रीकडे ठेवावा. वापराची एक वही सोबत असू द्या: गाडी, तारीख, कोड, आणि शेवटी नेमकं काय निघालं. मोहफुलाचा आणि तेंदूपत्त्याचा असे दोन हंगाम गेले की त्या वहीत आपल्या रस्त्यांवरच्या, आपल्या धुळीतल्या गाड्यांचा असा हिशेब तयार होईल, जो कुठल्याही अॅपमध्ये मिळणार नाही.

आज संध्याकाळी टॉर्च घेऊन स्टीअरिंगखाली बघा, सॉकेट आहे का. आरसीवर मानक बघा. ओळखीच्या कुणाकडे रीडर असेल तर एकदा लावून बघा. हे तिन्ही होईपर्यंत ऑर्डर देऊ नका.